वैद्याने निवृत्त व्हावे आणि आगबोट बांधावी

वैद्याला निवृत्ती नसते, हे वाक्य आपल्या व्यवसायात मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. सत्कारसमारंभात तर ते हमखास येते. ऐंशीव्या वर्षीही गादीवर बसून नाडी पाहणाऱ्या वैद्यराजांचे कौतुक होते, सभागृह टाळ्या वाजविते, आणि पहिल्या रांगेत बसलेला त्यांचा पन्नाशीतला मुलगाही टाळ्या वाजवितो. त्या मुलाच्या चेहऱ्याकडे कोणी पाहत नाही. आम्हीही अशा टाळ्या पुष्कळ वाजविल्या आहेत. गेली तीन वर्षे मात्र आम्ही स्वतः निवृत्त आहोत, आणि या विषयातील आमचे मत पूर्णपणे बदलले आहे. ते येथे मांडावे, व त्याबरोबर एका विक्षिप्त वाटणाऱ्या छंदाची शिफारसही करावी, असा आमचा मानस आहे.

मत का बदलले ते सांगण्यासाठी थोडे स्वतःबद्दल बोलणे भाग आहे. आमच्या एकाहत्तराव्या वर्षी, श्रावणातील एका गर्दीच्या सकाळी, एकाच घरातून ज्वराचे दोन रुग्ण आले. बाप आणि त्याचा सात वर्षांचा मुलगा. दोघांनाही आम्ही त्रिभुवनकीर्ती दिला. त्यात बचनाग असतो, हे या वाचकांस सांगावयास नको. आम्ही बापाची मात्रा मुलाच्या कागदावर लिहिली. औषधे देण्याच्या खिडकीशी आमची सूनबाई होती. ती स्वतः एम. डी. झालेली वैद्य आहे. तिने काही न बोलता पुड्या बदलून दिल्या. दुपारी आम्हांस शंका आली म्हणून विचारले, तेव्हा तिने खणातून एक लहान वही काढली. मागील चौदा महिन्यांतील आमच्या अकरा चुका तीत तारीखवार लिहिलेल्या होत्या. बहुतेक किरकोळ होत्या. कोठे अनुपान लिहावयाचे राहिले, कोठे एकच कल्प दोनदा लिहिला. तीन किरकोळ नव्हत्या. "बाबा, तुम्हाला सांगणार तरी कसं?" एवढेच ती म्हणाली.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, आणि झोप न लागण्याचे कारण चुका हे नव्हते. चुका तरुणपणीही झाल्या होत्या. अंतिम परीक्षेचा निकाल लागल्यापासून त्या दिवसापर्यंत कोणीही आमची परीक्षा घेतली नव्हती, हे आमच्या ध्यानी आले. रुग्ण पाया पडत होते, विद्यार्थी वही घेऊन मागे उभे राहत होते, कंपाउंडर मान डोलावीत होता. चव्वेचाळीस वर्षे! आमच्या दृष्टीत, हातात, स्मरणात काय फरक पडला, हे जाणण्याचे कोणतेही साधन आमच्यापाशी नव्हते. सूनबाईने वही ठेवली नसती तर आजही आम्ही गादीवरच असतो.

गादी सोडणे सोपे, पण तिच्या आसपास न घुटमळणे अवघड. पहिले सहा महिने आम्ही रोज दवाखान्यात जात होतो. निमित्त वर्तमानपत्राचे. जुना रुग्ण दिसला की नकळत त्याचा हात हाती घेतला जाई, आणि आत बसलेल्या सूनबाईच्या चिकित्सेवर आमचा अभिप्राय बाहेरच्या बाकावर दिला जाई. ही निवृत्ती नव्हे, ही बाहेरच्या बाकावरची वैद्यकी होय. आमच्या अनेक वयस्क वैद्यबंधूंची निवृत्ती याच जातीची आहे, असे आम्ही खेदाने नमूद करतो.

यावर उपाय म्हणून छंद सुचविले जातात. वनौषधींची बाग करावी, ग्रंथ लिहावा, व्याख्याने द्यावीत, देवस्थानचे विश्वस्त व्हावे. हे सर्व चांगलेच आहे. परंतु या सगळ्यांत आपण जाणतेच राहतो. बागेत आलेल्या पाहुण्याला आपण गुळवेल ओळखावयास शिकवितो. त्याने आपल्याला काही शिकविण्याचा प्रसंग येत नाही. निवृत्त वैद्यास अशा जागेची गरज आहे, की जेथे तो अडाणी आहे आणि जेथे चूक झाली तर वस्तूच ती सांगते. सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात शिष्याला भोपळ्यावर, काकडीवर, पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर हात बसवावयास लावले आहे. भोपळा शिष्याचा मान राखीत नाही. सत्तरीनंतर असा भोपळा कोठे मिळावा?

आम्हांस तो तांब्याच्या पत्र्यात मिळाला. आमचे एक फार्मसीवाले स्नेही आहेत. त्यांच्या कारखान्याच्या मागील पडवीत एक जुने अर्कयंत्र व काही तांब्याच्या नळ्या पडून होत्या. एका संध्याकाळी त्या पाहता पाहता जत्रेतल्या टिनाच्या आगबोटीचा विषय निघाला. आत मेणबत्ती लावली की परातीतल्या पाण्यात फटफट करीत फिरणारी ती बोट आमच्या पिढीतील कोणी विसरला नसेल. इंग्लंडात तिचे पेटंट १८९१ साली घेतले गेले होते. आपण मोठी बांधू, असे स्नेही गमतीने म्हणाले. आम्ही ते गमतीने घेतले नाही.

हा वेडेपणा एकट्या आमचा नव्हे, हे पुढे वाचनात आले. ब्रिटनमध्ये वाफेच्या लहान नावा बांधणाऱ्या व बाळगणाऱ्या हौशी लोकांची संघटना १९७१ पासून आहे. त्या देशातील विंडरमीर सरोवराकाठी अशा नावांचे संग्रहालय १९७७ साली उघडले, व २०१९ मध्ये ते नव्या इमारतीत पुन्हा सुरू झाले. 'डॉली' नावाची सुमारे १८५० सालची एक नाव तेथे आहे. ती शेजारच्या सरोवराच्या तळाशी कित्येक दशके पडून होती आणि १९६२ मध्ये वर काढली गेली. आपल्याकडे तर याहून जुना आदर्श आहे. मुंबईच्या वाडिया घराण्यातील आर्देशीर करसेटजी यांनी १८३३ साली, वयाच्या पंचविशीत, 'इंडस' ही लहान जलनौका बांधून तीत वाफेचे इंजिन बसविले. पुढे १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले; तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय. माझगावच्या राहत्या घरी त्यांनी ओतशाळा काढली होती. घराच्या आवारात भट्टी लावणाऱ्या माणसाबद्दल घरच्या मंडळींचे काय मत असते, हे आम्ही आता अनुभवाने जाणतो.

वाफ ही वैद्याला परकी नाही. चरकाचार्यांनी स्वेदाचे तेरा प्रकार सांगताना नाडीस्वेदाची नळी दोन-तीन ठिकाणी वाकवावयास सांगितली आहे, ती एवढ्याचसाठी की वाफेचा प्रचंड वेग मोडावा आणि त्वचा भाजू नये. हा विचार ज्याने केला त्याला वाफेचा स्वभाव पुरता ठाऊक होता. कूपीपक्व रसायने करणाऱ्यांस तर अधिक सांगावयास नको. वालुकायंत्रात काचकूपी ठेवली, गंधक गळ्याशी दाटला आणि तप्त शलाकेने तो वेळीच मोकळा केला नाही, तर कूपी फुटते. तप्त शलाका जे करते तेच बॉयलरवरील सेफ्टी व्हॉल्व्ह करते. फरक इतकाच की तो रात्री जागा राहतो आणि त्याला डुलकी लागत नाही. पाण्याची वाफ झाली की साध्या हवेच्या दाबाखाली तिचे आकारमान सुमारे सोळाशे पटींनी वाढते. बंद भांड्यात ती तेवढी वाढू शकत नाही, म्हणून दाब चढतो, आणि दाब चढला की पाणी शंभर अंशांवर उकळेनासे होते. दर चौरस सेंटीमीटरला पाच किलो दाबावर ते सुमारे १५८ अंशांस उकळते. भांडे फुटले तर घात करते ते हेच पाणी, कारण दाब नाहीसा होताच त्याचा काही भाग क्षणात वाफ होतो.

आमचा बॉयलर उभ्या जातीचा आहे. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना तो पाहताच कळेल. मध्ये विस्तवाचे नळकांडे, भोवती पाणी, वर धुराडे. बंबाचे तोंड मोकळे असते, याचे बंद असते आणि मध्ये एकाऐवजी पुष्कळ बारीक नळ्या असतात, एवढाच काय तो भेद. पत्रा एका तांबटाने ठोकून दिला. जोड चांदीच्या डाकाने भरले. कथलाचा डाक येथे चालत नाही, तो उष्णतेने मऊ पडतो. इंजिन एका दट्ट्याचे आहे. वाफ आळीपाळीने दट्ट्याच्या दोन्ही बाजूंस जाते. दट्ट्या नेमका टोकाला थांबला असेल तर वाफ सोडूनही इंजिन हलत नाही. तेव्हा जड चाकाला हाताने ढकलावे लागते. नाव सोळा फुटी. ती खाडीवरच्या सुताराने बांधली. आमच्याकडे फक्त फळ्यांच्या फटींत कापूस ठासणे व वरून राळ आणि तेल यांचे मिश्रण भरणे, हे काम होते. राळ म्हणजे आपला सर्जरस. आयुष्यभर त्याचा मलम भेगाळलेल्या टाचांना लावला, आता नावेला लावला.

खाडीचे पाणी खारट. ते बॉयलरमध्ये घालता येत नाही, क्षार साचून नळ्या बुजतात. म्हणून इंजिनातून बाहेर पडलेली वाफ नावेच्या तळाखालून जाणाऱ्या तांब्याच्या नळीत थंड करावी, तिचे पाणी पुन्हा टाकीत घ्यावे आणि तेच पुन्हा बॉयलरला द्यावे, अशी योजना असते. मात्र त्या पाण्यात इंजिनाचे तेल मिसळलेले असते व ते काढल्यावाचून गत्यंतर नसते. विलायती पुस्तकांतून याला पुष्कळ उपाय वाचले. शेवटी कळले की जुन्या काळी बोटींवरही यासाठी घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळ्या वापरीत. आमच्या परसात घोसाळी लोंबत होती! कोशातकीचा हा उपयोग कोणत्याही निघंटूत नाही, तो भर घालण्यायोग्य आहे.

आता मुख्य गोष्ट. आम्हा दोघांत तिसरे एक गृहस्थ सामील झाले. साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून जन्म घालवून ते निवृत्त झाले आहेत. त्यांना आम्ही मिस्त्री म्हणतो. पहिल्याच भेटीत त्यांनी आमची तोंडी परीक्षा घेतली, आणि आम्ही दोघेही नापास झालो. कायद्याचे म्हणाल तर २५ लिटरांहून कमी क्षमतेचे भांडे बॉयलर या व्याख्येत बसतच नाही. आमचे १८ लिटरांचे आहे. त्यामुळे निरीक्षकाचा आमच्याशी संबंध नाही, असे आम्ही आनंदाने म्हणालो. मिस्त्री म्हणाले, "वैद्यबुवा, कायद्यात बसत नाही म्हणून भाजायचं थांबतं का?" आम्ही गप्प बसलो. पंचवीस लिटरांखालचा बॉयलर आणि सत्तरीवरचा वैद्य, दोघांचीही परीक्षा कोणी घेत नाही, ही गोष्ट तेव्हाच आमच्या मनात जोडली गेली.

बॉयलरची परीक्षा थंड पाण्याने होते. भांडे काठोकाठ भरावयाचे, हवेचा बुडबुडा ठेवावयाचा नाही, आणि हातपंपाने दाब चढवावयाचा. पाणी दबत नाही, म्हणून भांडे तडकले तरी ते फक्त गळते, फुटून अंगावर येत नाही. चालविण्याचा दाब पाच किलो, म्हणून परीक्षा साडेसातावर घ्यावी, असा आमचा हिशेब. मिस्त्रींनी दहा सांगितले. आठावर एका नळीच्या मुळाशी घामासारखा थेंब आला. आमच्या फार्मसीवाल्या स्नेह्यांनी तो पुसला व म्हणाले, एवढे चालेल. मिस्त्री काही न बोलता सायकलीवर बसले आणि घरी गेले. बॉयलर पुन्हा उघडून, जोड पुन्हा भरून, दुसरी परीक्षा होईपर्यंत पाच आठवडे गेले. तोवर ते आले नाहीत.

इतके होऊनही आम्ही शहाणे झालो नव्हतो. तिसऱ्या फेरीच्या वेळी विस्तवापाशी आम्ही होतो. करवंट्या व बाभळीचे तुकडे छान पेटले होते, खाडीवर वारा नव्हता, आणि आम्ही स्नेह्यांना गजपुटाच्या गोवऱ्यांचा हिशेब समजावून सांगत होतो. खाली हजार, वर पाचशे. मध्येच पाणी दाखविणाऱ्या काचेच्या नळीकडे नजर गेली. नळी रिकामी होती. आमचा हात तत्काळ पंपाकडे गेला. पाणी दिसत नाही तर पाणी घालावे, यापरते स्वाभाविक काय? मिस्त्री ओरडले, "पाणी घालू नका! आधी विस्तव ओढा!" तापून कोरड्या पडलेल्या पत्र्यावर थंड पाणी पडले असते तर एकाएकी वाफ उसळली असती आणि तांबे आकसून जोड उकलले असते. विस्तव ओढून पत्र्याच्या थाळ्यात घेतला, वाफ सोडून दिली, आणि सुमारे तासभर ओहोटीबरोबर वाहत बसलो. कोणी काही बोलले नाही. आम्हांस तो मुलगा आठवत होता. पुडी खिडकीतून बाहेर गेली असती तर तेथे विस्तव ओढावयास कोणी नव्हते.

मिस्त्रींनी तेव्हापासून नोंदवही सक्तीची केली आहे. विस्तव कधी लावला, दाब कधी चढला, पाणी किती घातले, जळण कोणते, विस्तवापाशी कोण होते. शेवटचा रकाना आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो. फार्मसीधारक वाचकांनी येथे जरा थांबावे, अशी विनंती आहे. शेड्यूल टी २००० साली आले, तेव्हापासून आपल्या कारखान्यांत प्रत्येक बॅचची कागदपत्रे भरली जातात. परंतु अवलेहाचा पाक कधी उतरवावा, तार किती धरावी, पावसाळ्यातल्या आवळ्याला किती अधिक वेळ लागतो, हे कागदावर आहे काय? ते मालकांच्या अंगठ्या-तर्जनीत आहे. मालक सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. मुलगा कारखान्यात वीस वर्षे उभा आहे आणि अजून प्रत्येक कढईला वडिलांना हाक मारतो. हे कौशल्याचे जतन नसून त्याची कोंडी आहे. गळ्याशी दाटलेल्या गंधकाचे काय होते, ते वर आलेच आहे.

वैद्यबंधूंकडून येणारा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. रुग्ण सोडत नाहीत, आमच्याच हातचे औषध मागतात. होय, आमचेही सोडत नव्हते. त्यांतील निम्मे तीन महिन्यांत सूनबाईंकडे गेले, काही दुसरीकडे गेले, आणि सर्वजण आमच्यावाचून जगत आहेत. प्रारंभी हे फार लागले. दुसरा आक्षेप उत्पन्नाचा. ज्याचे घर दवाखान्यावरच चालते त्याला निवृत्त व्हा म्हणणे सोपे नाही, हे मान्य आहे. आपल्या व्यवसायात निवृत्तिवेतन नाही आणि त्याचा विचार पन्नाशीतच करावयास हवा, तो आपण करीत नाही. अशा वैद्याने निदान आपल्या कागदांवर दुसऱ्या वैद्याची नजर फिरेल, एवढी व्यवस्था करावी. आठवड्यातून एक दिवस पुरे. नोंदवही ठेवण्यास कोणी तरुण वैद्य नेमावा आणि त्याला अभय द्यावे. छंदाच्या खर्चाबद्दल विचारणा होईल. तो हिशेब आम्ही अद्याप घरातही दाखविलेला नाही, तेव्हा येथेही देत नाही. आगबोटच हवी असे नव्हे. विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन दुरुस्त करावे, घड्याळे उघडावीत, हातमागावर बसावे. अट एकच, की तेथे आपणांस कोणी वैद्यराज म्हणू नये.

आमची नाव ताशी सहा-सात किलोमीटर चालते, म्हणजे काठावरून सायकलीवर जाणारी पोरे आम्हांस मागे टाकतात. बंदर कार्यालयात विचारल्यावाचून ती आम्ही पाण्यात घातली नाही आणि लाइफ जॅकेटवाचून कोणास आत बसू देत नाही. विंडरमीरकडील हौशी लोक वाफेची एक बारीक नळी तांब्याच्या किटलीतून फिरवितात व बोलता बोलता चहाचे पाणी उकळतात. तशी किटली आम्हीही केली आहे. तीत सुंठीचा काढा अर्ध्या मिनिटात फुलतो. चतुर्थांश उरविण्याचे मात्र जमत नाही, सबब शास्त्रदृष्ट्या त्यास काढा म्हणावे की फांट, यावर आमच्यात वाद आहे.

मागील पौषात आम्ही तिघे खाडीच्या मध्यावर असताना स्नेह्यांचा फोन वाजला. कारखान्यातून मुलगा बोलत होता. च्यवनप्राशाची कढई होत आली होती, उतरवू का, असे तो विचारीत होता. स्नेह्यांनी सवयीने "थांब, मी येतो" म्हटले. काठ अर्ध्या तासावर होता, आणि विस्तवापाशी त्या दिवशी तेच होते. मिस्त्रींनी काचेच्या नळीकडे बोट दाखविले. स्नेही नळीकडे पाहत थोडा वेळ तसेच बसले, मग म्हणाले, "तूच बघ आणि तूच उतरव," आणि फोन खिशात ठेवून पंपाला हात घातला. ती कढई मुलानेच उतरविली. पाक किंचित खर झाला, असे स्नेह्यांचे मत आहे. आम्ही तो चाखून पाहिला. आम्हांस तो बरा वाटला.